हृदयविफलता, अनुकंपी तंत्रिका तंत्र आणि रोधक औषधे : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

जुना जालना भागातील औषधांच्या दुकानांत मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल ही नावे आज विक्रेत्यांच्या तोंडवळणी पडलेली आहेत. भोकरदन, अंबड, परतूर या तालुक्यांतून आलेला हृदयविकाराचा जुना रुग्ण डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करतो, महिन्याच्या गोळ्या घेतो आणि संध्याकाळच्या एस. टी.ने गावी परततो. या साध्या व्यवहारामागे विसाव्या शतकातील वैद्यकशास्त्राचे एक मोठे मतांतर दडलेले आहे, याची जाणीव त्या रुग्णास नसते आणि ती असण्याचे कारणही नाही. परंतु १९८० च्या दशकातील औषधशास्त्राचे पाठ्यपुस्तक उघडल्यास, बीटा-रोधक औषध कोणास देऊ नये या यादीत हृदयविफलतेचा उल्लेख ठळकपणे आढळतो. ज्या औषधाने दुबळे हृदय थांबेल अशी भीती होती, तेच औषध आज दुबळ्या हृदयाच्या रुग्णाचे आयुष्य वाढविण्यासाठी दिले जाते. ही केवळ एका औषधाची बढती नव्हे. हृदय थकले असता शरीरातील तंत्रिका आणि संप्रेरके जे काही करतात त्याकडे पाहण्याची दृष्टीच या काळात बदलली.

या इतिहासाचा जालना जिल्ह्याशी आणखी एक संबंध आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. भोकरदन तालुक्यातील देहेड या गावी १९५१ मध्ये जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांवर जे काम केले, ते विषशास्त्राच्या प्रकरणात नोंदले जाते. वास्तविक ते हृदयविफलतेच्या इतिहासातही नोंदले जावयास हवे. अनुकंपी तंत्रिका तंत्राच्या अतिरेकाने हृदय निकामी कसे होते, हे तेथे काही तासांत घडताना दिसत होते. विशेष म्हणजे त्या हृदयविफलतेवर जे औषध गुणकारी ठरले, ते दीर्घकालीन हृदयविफलतेत निष्प्रभ ठरले. आणि दीर्घकालीन विकारात जे तारक ठरले, ते विंचूदंशात घातक समजले जाते. संप्रेरक तेच, हृदय तेच. मग औषधांचे फळ असे उलटे का, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

शरीराची जुनी सवय

हृदयविफलता म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यास हृदय असमर्थ ठरणे, अथवा ते ढकलण्यासाठी त्यास आपल्या कप्प्यांतील दाब अवाजवी वाढवावा लागणे, असा तिचा अर्थ होतो. अशा अवस्थेत मोठ्या रोहिण्यांच्या भित्तींतील दाबग्राहींना रक्तदाब उतरल्याची वर्दी मिळते. मेंदूकडून अनुकंपी तंत्रिकांना चालना मिळते. तंत्रिकांच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन व अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून ॲड्रेनॅलिन स्रवते. हृदयाचे ठोके वाढतात, आकुंचन जोरकस होते, त्वचेकडील व मूत्रपिंडांकडील रोहिणिका आवळल्या जातात. मूत्रपिंडातून रेनिन स्रवते, त्यातून अँजिओटेन्सिन व पुढे अल्डोस्टेरॉन यांची साखळी सुरू होते आणि शरीर मीठ व पाणी धरून ठेवू लागते.

ही व्यवस्था मुळात कशासाठी असावी? लंडनचे हृद्रोगतज्ज्ञ पीटर हॅरिस यांनी १९८३ मध्ये उत्क्रांतीच्या अंगाने या प्रश्नाची मांडणी केली. शिकारीत जखमी होऊन रक्त वाहू लागले, वा जीव घेऊन पळावे लागले, तर रक्तदाब टिकवून धरणे हे प्राण्याच्या दृष्टीने सर्वांत निकडीचे काम होते. त्यासाठी घडलेली ही यंत्रणा काही मिनिटे, फार तर काही दिवस चालावी अशी आहे. हृदयाच्या स्नायूला कायमचा अपाय झाला तर शरीर त्यालाही रक्तस्रावच समजते आणि तोच जुना उपाय वर्षानुवर्षे चालू ठेवते. दुष्काळात काढलेले कर्ज सुकाळ आला तरी फिटू नये आणि व्याज मात्र वाढत राहावे, तशी ही स्थिती होय.

हॅरिस यांच्या मांडणीत जे आज सहज पटते, ते तिच्यापूर्वी वीस वर्षे कोणासही पटले नसते. कारण त्या काळी मोजमापांनी उलटीच साक्ष दिली होती.

सर्पगंधा आणि रिकामे कोठार

अनुकंपी तंत्रिकांवर औषधाने लगाम घालता येतो याचा पहिला व्यापक अनुभव जगाला ज्या वनस्पतीने दिला, ती भारतीय होती. सर्पगंधेचा वापर आयुर्वेदात व लोकवैद्यकात जुना आहे. आधुनिक चिकित्सेत १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब यांवरील तिच्या परिणामांची नोंद केली. तथापि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी. १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेच्या चाचणीचा वृत्तान्त होता. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

रिसर्पिन नेमके काय करते हे त्यानंतर उमगले. तंत्रिकांच्या टोकांशी ज्या सूक्ष्म पिशव्यांत नॉरॲड्रेनॅलिन साठविले जाते, त्या पिशव्या या औषधामुळे भरत नाहीत. संदेश पाठविण्याची शाईच संपते, असे म्हणता येईल. १९६३ मध्ये चिडसी, ब्राउनवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेल्या हृदयस्नायूच्या तुकड्यांतील नॉरॲड्रेनॅलिन मोजले. रिसर्पिन घेतलेल्या रुग्णांच्या हृदयातील साठा अपेक्षेप्रमाणे घटलेला होता. परंतु ज्यांनी असे कोणतेही औषध घेतले नव्हते आणि ज्यांचे हृदय विफल झाले होते, त्यांच्याही हृदयातील साठा रिता झालेला आढळला. त्याच वर्षी गॅफनी व ब्राउनवाल्ड यांनी हृदयविफलतेच्या रुग्णांना ग्वानेथिडिन हे अनुकंपी तंत्रिकांना निष्क्रिय करणारे औषध दिले, तेव्हा काहींची प्रकृती स्पष्टपणे खालावली.

या दोन निरीक्षणांवरून काढलेला निष्कर्ष सरळ होता. थकलेले हृदय अनुकंपी तंत्राच्या आधारावर उभे आहे, त्याचे स्वतःचे कोठार रिकामे झाले आहे आणि उरलासुरला आधार काढून घेणे म्हणजे त्याला पाडणे होय. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावी लागेल. हा निष्कर्ष निष्काळजीपणाचा नव्हता. प्रयोग नेटके होते, मोजमापे अचूक होती आणि तात्कालिक परिणामांपुरते ते आजही खरे आहे. कोठार रिते दिसते याचा अर्थ मात्र निराळा निघाला. १९८६ मध्ये मेलबर्न येथील एस्लर यांच्या गटाने किरणोत्सारी खूण लावलेल्या नॉरॲड्रेनॅलिनच्या साहाय्याने दाखवून दिले की, हृदयविफलतेत हृदयाच्या तंत्रिकांतून रक्तात सांडणारे नॉरॲड्रेनॅलिन प्रमाणाबाहेर वाढलेले असते. कोठार रिकामे होते ते उत्पन्न नव्हते म्हणून नव्हे, तर अहोरात्र उधळपट्टी चालू होती म्हणून.

गोथेनबर्ग येथील धाडस

ॲड्रेनॅलिनसदृश द्रव्यांचे ग्राही दोन प्रकारचे असावेत, हा विचार अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानातील रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडला आणि त्यांना अल्फा व बीटा अशी नावे दिली. सुरुवातीला त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. ती घेतली ब्रिटनमधील जेम्स ब्लॅक यांनी. हृदयाला अधिक प्राणवायू पुरविण्याऐवजी त्याची प्राणवायूची मागणीच कमी करावी, या हेतूने त्यांनी बीटा ग्राही अडविणारी द्रव्ये शोधली. १९६० च्या दशकाच्या मध्यास प्रोप्रॅनोलॉल प्रचारात आले. १९८८ मध्ये ब्लॅक नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले. हृदयशूळ, उच्च रक्तदाब, अनियमित ठोके या सर्वांत हे औषध स्थिरावले. हृदयविफलतेच्या दाराशी मात्र ते थबकले. बीटा ग्राही अडविताच हृदयाचा जोर तत्काळ उतरतो, हे प्रत्येक चिकित्सक डोळ्यांनी पाहत होता.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फिन वागस्टीन, ओके ह्यालमारसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये केवळ सात रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हृदयस्नायूच्या प्रगत विकाराने हृदय फुगलेल्या व विश्रांतीतही नाडी जलद चालणाऱ्या या रुग्णांना त्यांनी दोन ते बारा महिने बीटा-रोधक औषध दिले होते. रुग्ण सुधारले. हा वृत्तान्त छापला गेला तोही ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्येच, जेथे सव्वीस वर्षांपूर्वी डॉ. वकील यांचा निबंध आला होता. सातांच्या संख्येवर विश्वास ठेवावा तरी किती, तुलनेसाठी दुसरा गट कोठे आहे, अशा शंका घेतल्या गेल्या आणि त्या रास्तही होत्या. पुढील जवळजवळ दोन दशके हा विषय मोजक्या संशोधकांच्या चिकाटीवर टिकून राहिला.

दरम्यान पाया खणला जात होता. १९८२ मध्ये मायकेल ब्रिस्टो यांच्या गटाने निकामी हृदयातील बीटा ग्राहींची संख्या निम्म्याच्या आसपास उतरल्याचे दाखविले. सततच्या कोलाहलाने हृदयाने आपले कान मिटून घेतले होते. १९८४ मध्ये जय कोन व सहकाऱ्यांनी, रक्तद्रवातील नॉरॲड्रेनॅलिन जितके अधिक तितके रुग्णाचे आयुष्य कमी, हा संबंध प्रसिद्ध केला. १९९० च्या दशकाच्या आरंभी मिल्टन पॅकर यांनी तंत्रिका-संप्रेरक गृहीतकाची सविस्तर मांडणी केली, तोवर हृदयाकडे निव्वळ पंप म्हणून पाहण्याची सवय सुटू लागली होती.

महाडचा विंचू

येथे कथानक गोथेनबर्गहून कोकणात येते, कारण तेथे याच सुमारास तोच प्रश्न अगदी निराळ्या वेषात उभा होता. डॉ. बावस्कर यांचा जन्म झाला तेव्हा देहेड हे हैदराबाद राज्यातील औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९८१ रोजी. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाल्यावर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. या कष्टप्रद शिक्षणाची हकीकत त्यांच्या ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मकथनातून मराठी वाचकांस परिचित आहे.

जांभ्या दगडाचा, भाताच्या पेंढ्याचा आणि सरपणाच्या ढिगांचा हा प्रदेश तांबड्या विंचवाला मानवणारा. दंश झालेली धडधाकट मुले व शेतकरी काही तासांत दम लागून, तोंडाला फेस येऊन दगावत. विंचूदंशानंतर फुफ्फुसशोफ होतो, ही नोंद मुंडले यांनी १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केली होती. इस्राएलमध्ये गेरॉन व सहकाऱ्यांनी तेथील रुग्णांच्या मूत्रात ॲड्रेनॅलिनवर्गीय द्रव्यांचे प्रमाण वाढलेले पाहिले होते. परंतु ग्रामीण महाराष्ट्रातील चिकित्सेत या ज्ञानाचा उपयोग नव्हता. गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण, ॲट्रोपिन, स्टिरॉइड, डिजिटॅलिस असे जे हाताशी असेल ते दिले जाई.

बावस्करांनी प्रथम केले ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून पाहण्याचे काम. विंचवाचे विष तंत्रिकांमधील सोडियमची द्वारे वेळेवर मिटू देत नाही, त्यामुळे स्वायत्त तंत्रिका एकसारख्या उद्दीपित राहतात. प्रथम ओकाऱ्या, लाळ आणि अंग भिजवून टाकणारा घाम. नंतर गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, पळणारी नाडी. आणि त्यानंतर फुफ्फुसशोफ. ज्याच्या ठायी पहिली लक्षणे तीव्र, त्याच्या हृदयाला धोका, हे पूर्वसूचक चिन्ह त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. मराठी वाचकास येथे पैठणच्या एकनाथांचे विंचवाचे भारूड आठवल्यावाचून राहणार नाही. रूपक आध्यात्मिक असले तरी घामाचे निरीक्षण त्या रचनेतही आहे. लोकांनी पाहिलेले लक्षण शास्त्राच्या नोंदीत यावयास चार शतके लागली.

या क्रमाचा अर्थ लावता उपचाराची दिशा स्पष्ट होत गेली. हातपाय गार पडतात ते रोहिणिका आवळल्याने. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाचा डावा कप्पा दमतो आणि रक्त मागे फुफ्फुसांत साचते. तेव्हा अल्फा ग्राही मोकळे केले पाहिजेत. प्राझोसिन हे औषध रक्तदाबावर वापरले जात होते. गोळीच्या रूपात मिळत होते आणि स्वस्त होते. ते रोहिणिकांवरील अल्फा-१ ग्राही अडविते, पण तंत्रिकांच्या टोकांवरील अल्फा-२ ग्राहींना हात लावीत नाही. हे अल्फा-२ ग्राही नॉरॲड्रेनॅलिनच्या स्रावावर आपोआप अंकुश ठेवतात, म्हणून प्राझोसिनने नाडी फारशी उसळत नाही. शिवाय अल्फा ग्राहींमुळे दबलेला इन्सुलिनचा स्राव पूर्ववत होतो आणि हृदयस्नायूला इंधन मिळते. म्हणजे तंत्रिका आणि संप्रेरक अशा दोन्ही बाजूंनी हे औषध काम करते. १९८६ मध्ये या उपचाराचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्राझोसिनपूर्व काळात गंभीर रुग्णांमध्ये सुमारे ४० टक्के असलेला मृत्युदर पुढे १ टक्क्याच्या आसपास आला. अतिदक्षता विभागाची सोय नसलेल्या ठिकाणी, तोंडाने देता येणाऱ्या गोळीने हे साधले, हे विसरून चालणार नाही.

मग बीटा-रोधकाचे काय? नाडी पळते आहे, नॉरॲड्रेनॅलिनचा पूर आला आहे, तर ते द्यावे असे वरवर पाहता वाटेल. परंतु बीटा ग्राही एकटेच अडविल्यास वाहिन्यांना सैल करणारा बीटा-२ चा हात सुटतो, अल्फाचा आवळपणा बिनविरोध राहतो आणि त्याच वेळी हृदयाचे बळही हिरावले जाते. अधिवृक्क ग्रंथींच्या फिओक्रोमोसायटोमा या अर्बुदात शल्यचिकित्सक आधी अल्फा-रोधक व मगच बीटा-रोधक देतात, तो नियम याच तत्त्वावर उभा आहे. विंचूदंशात हृदयाला सावरण्यास वेळच मिळत नाही. साठच्या दशकातील ‘आधार काढू नका’ हा इशारा येथे अक्षरशः लागू पडतो.

१९८६ : एकाच औषधाचे दोन निकाल

ज्या वर्षी महाडचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. दीर्घकालीन हृदयविफलतेच्या ६४२ पुरुषांपैकी काहींना प्राझोसिन, काहींना हायड्रॅलाझिन व नायट्रेट यांची जोडगोळी आणि काहींना निष्क्रिय गोळी देण्यात आली होती. जोडगोळीने मृत्यू कमी झाले. प्राझोसिन निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाही. पुढे २००० मध्ये उच्च रक्तदाबावरील अमेरिकी चाचणीत डॉक्साझोसिन या त्याच्याच भाईबंदाचा गट मुदतीपूर्वी थांबवावा लागला, कारण त्या रुग्णांत हृदयविफलतेचे प्रमाण तुलनेतील गटाच्या सुमारे दुप्पट आढळले.

या दोन निकालांना परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. विंचूदंशात हृदयाचा स्नायू मूळचा निरोगी असतो; ओझे अचानक येते आणि ते उतरविले की तो पूर्ववत होतो. एक-दोन दिवसांचा प्रश्न असतो. दीर्घकालीन विकारात वाहिन्या सैल केल्या तर शरीर तो पुन्हा रक्तस्रावच समजते आणि अनुकंपी तंत्र व रेनिनची साखळी अधिकच चेतवते. तेथे हृदयाला मारक ठरते ते वाहिन्यांचे ओझे नव्हे, तर वर्षानुवर्षे बीटा-१ ग्राहींवर होणारा नॉरॲड्रेनॅलिनचा मारा. त्याने हृदयपेशींत कॅल्शियमचा भार वाढतो, पेशी मरतात, स्नायूची जागा तंतुमय ऊती घेते आणि कप्पा फुगत जातो.

बीटा-रोधकाने नेमके काय बदलते

म्हणूनच बीटा-रोधकांचा लाभ दिसावयास महिने लागतात. पहिल्या काही आठवड्यांत हृदयाची आकुंचनक्षमता किंचित घटते. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ती मूळ पातळीच्या वर जाऊ लागते आणि फुगलेला कप्पा आकसतो. औषधाचा तात्कालिक परिणाम आणि शरीराचा त्यास मिळालेला दीर्घ प्रतिसाद हे परस्परांविरुद्ध असू शकतात, हे ज्या पिढीने तासाभराची निरीक्षणे प्रमाण मानली तिला दिसणे शक्य नव्हते.

संप्रेरकांच्या बाजूने पाहता, मूत्रपिंडातील रेनिन स्रवणाऱ्या पेशींवर बीटा-१ ग्राही असल्याने त्या अडविताच रेनिन उतरते, पर्यायाने अँजिओटेन्सिनचा जोर कमी होतो. हृदयाच्या भित्तीवरील ताण दर्शविणारे बी-नॅट्रियुरेटिक पेप्टाइड आरंभी कधी वाढते, पण पुढे खाली येते. तंत्रिकांच्या बाजूने परानुकंपी तंत्राचा हृदयावरील अंकुश काही अंशी परत येतो. ठोक्यांमधील नैसर्गिक चढउतार पुन्हा दिसू लागतात. सर्व बीटा-रोधके याबाबत सारखी नाहीत. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत मेटोप्रोलॉलने हृदयातील बीटा ग्राहींची संख्या वाढविली, तर अल्फा ग्राहीही अडविणाऱ्या कार्व्हेडिलॉलने ती न वाढविता हृदयातून येणाऱ्या रक्तातील नॉरॲड्रेनॅलिन घटविले. दोहोंनी हृदय सुधारले. तेव्हा ग्राही परत येणे हेच सुधारण्याचे मर्म, हे सोपे स्पष्टीकरण टिकत नाही.

निर्णायक पुरावा आला तो १९९९ मध्ये. बिसोप्रोलॉलच्या २,६४७ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत मृत्यूचे प्रमाण १७.३ टक्क्यांवरून ११.८ टक्क्यांवर आले. मेटोप्रोलॉलच्या ३,९९१ रुग्णांच्या चाचणीत मृत्यूचा धोका ३४ टक्क्यांनी घटला. दोन्ही चाचण्या लाभ स्पष्ट झाल्याने लवकर थांबविण्यात आल्या. २००१ मध्ये कार्व्हेडिलॉलने अतिगंभीर रुग्णांतही हेच दाखविले. गोथेनबर्गच्या सात रुग्णांपासून येथवर चोवीस-पंचवीस वर्षे गेली. या काळात किती रुग्ण या औषधाअभावी गेले याचा हिशेब मांडता येत नाही, पण तो लहान नसणार.

याच सुमारास आणखी एक चाचणी झाली. तिची चर्चा वैद्यकाबाहेर फारशी होत नाही. नॉरॲड्रेनॅलिन वाईट, तर ते मेंदूतूनच कमी करावे, या तर्काने मॉक्सोनिडिन हे औषध १,९३४ रुग्णांत वापरून पाहण्यात आले. रक्तातील नॉरॲड्रेनॅलिन खरोखरच उतरले. परंतु औषधाच्या गटात ५४ आणि निष्क्रिय गोळीच्या गटात ३२ मृत्यू झाल्याने चाचणी थांबवावी लागली. गॅफनी व ब्राउनवाल्ड यांचा १९६३ चा इशारा छत्तीस वर्षांनी पुन्हा खरा ठरला. रक्तातील आकडा उतरविणे आणि हृदय वाचविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बीटा-रोधक संदेश पाठविणाऱ्यास गप्प करीत नाही. तो ऐकणाऱ्याच्या कानावर हात ठेवतो आणि तो हातही असा की, निकडीच्या प्रसंगी मोठी हाक आत पोहोचावी. ग्वानेथिडिन, मॉक्सोनिडिन यांच्या अपयशाचा आणि बीटा-रोधकांच्या यशाचा एकत्र विचार करता हे स्पष्टीकरण सर्वांत समाधानकारक वाटते.

कालावधीचा मुद्दा २००५ मध्ये चीनमधील सुमारे ४६,००० रुग्णांच्या चाचणीतही अधोरेखित झाला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच शिरेतून मेटोप्रोलॉल दिले असता अनियमित ठोक्यांचे मृत्यू कमी झाले, परंतु हृदयजन्य अवसादाचे रुग्ण वाढले.

महाडमधील कामही थांबले नव्हते. २०११ मध्ये हिंमतराव व प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवरील यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. प्राझोसिनच्या जोडीला विंचूविषावरील प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. ज्या औषधाने त्यांना कीर्ती मिळवून दिली त्याची मर्यादा त्यांनी स्वतःच मोजली, ही बाब संशोधकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

जालन्यातील चिकित्सकाच्या रोजच्या कामात हा सारा इतिहास दोन-तीन साध्या नियमांच्या रूपाने उतरलेला असतो. दम लागून, पाय सुजून आलेल्या नव्या रुग्णास बीटा-रोधक पहिल्या दिवशी दिले जात नाही; आधी मूत्रल औषधाने पाणी उतरविले जाते. मग कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम अशा अगदी लहान मात्रेने आरंभ होतो आणि नाडी व रक्तदाब पाहून साधारण दर दोन आठवड्यांनी ती दुप्पट केली जाते. या काळात थकवा वाढला म्हणून रुग्ण गोळी सोडून देतो. अडवून ठेवलेले ग्राही एकाएकी मोकळे होतात आणि तो पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत परत येतो. तालुक्याच्या गावाहून महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाला, पहिले तीन महिने बरे वाटले नाही तरी गोळी का थांबवू नये, हे समजावून सांगण्यासाठी चिठ्ठीवर जागा नसते. ते बोलूनच सांगावे लागते.